पाचवीतून सहावीत : एका वर्गातून आठ वर्गांत
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी गणिताची शिक्षिका. नोकरीची पहिली चौदा वर्षं पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गेली. तिथे मुलं मला 'बाई' म्हणत. नंतर मी एका आंतरराष्ट्रीय शाळेत आले. इथे मी 'मिस' आहे. खडू गेला, पांढरा फळा आला, वर्गात साठाऐवजी बावीस मुलं आली. पण अकरा वर्षांचं मूल तिथे होतं तसंच इथेही आहे. प्राथमिक विभाग संपवून वरच्या विभागात, म्हणजे पाचवीतून सहावीत जाणाऱ्या या मुलाविषयी मी आज बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे शाळेचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. त्या वर्षी सहावीतला एक मुलगा प्रत्येक तासाला पाठीवर भलंमोठं दप्तर घेऊन यायचा. बाकीची मुलं त्या तासापुरती वही-पुस्तकं आणत, उरलेली लॉकरमध्ये ठेवत. याचं मात्र सगळं बिऱ्हाड पाठीवर. वही काढा म्हटलं की पहिली वही याची बाहेर. एकदा मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बघा, याच्याजवळ नेहमी सगळं असतं. असं तयारीत असावं." तो काही बोलला नाही. मान खाली घालून बसला. मला वाटलं, लाजला.

ऑक्टोबरमध्ये त्याची आई भेटायला आली. म्हणाली, "मॅडम, रोज सकाळी याच्या पोटात दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात काही नाही. डबा तसाच परत येतो. आणि दप्तर तर मलासुद्धा उचलवत नाही." आम्ही ते दप्तर वजनकाट्यावर ठेवलं. साडेआठ किलो भरलं. केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात म्हटलं आहे, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. या मुलाचं वजन होतं तेहतीस किलो. म्हणजे सव्वातीन किलोच्या जागी साडेआठ.

मग हळूहळू उलगडा झाला. लॉकरला आकड्यांचं कुलूप होतं. पहिल्या दिवशी त्याला ते उघडता आलं नाही. मागे आठवीची दोन मुलं उभी होती, ती हसली. तेव्हापासून तो लॉकरकडे फिरकलाच नव्हता. एवढं दप्तर घेऊन कँटीनमध्ये गेलं तर सगळे विचारतील, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो वाचनालयात जाऊन बसायचा. आणि मी चारचौघांत कौतुक केल्यावर तर खरं सांगायची त्याची सोयच उरली नव्हती. ओझं रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्याला शाबासकी देत होते.

श्रोतेहो, पाचवीतून सहावीत म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. शाळा तीच, फाटक तेच, बसही तीच. पण त्या फाटकाच्या आत काय काय बदलतं, ते एकदा नीट पाहायला हवं.

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे सगळ्या एकाच प्रकारच्या शाळा नव्हेत. आपल्याकडे प्रामुख्याने दोन पद्धती आढळतात. एक इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी. ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. कामानिमित्त देशोदेशी फिरणाऱ्या लोकांच्या मुलांना कुठल्याही देशात चालेल असं शालान्त प्रमाणपत्र मिळावं, हा तिचा मूळ हेतू. अकरावी-बारावीचा डिप्लोमा आधी आला. अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीचा मिडल इयर्स प्रोग्रॅम १९९४मध्ये आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम १९९७मध्ये सुरू झाला. म्हणजे इमारत वरच्या मजल्यापासून खाली बांधत आणली, असं म्हणायला हरकत नाही. दुसरी पद्धत केंब्रिजची. तिथे प्राथमिकचे सहा टप्पे, मग लोअर सेकंडरीचे सातवा ते नववा असे तीन टप्पे आणि त्यानंतर आयजीसीएसई. कोणत्या इयत्तेत हा उंबरठा येतो, यात शाळेनुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. पण मुलाचं वय साधारण अकराच असतं.

मी आयबीच्या शाळेत शिकवते, म्हणून तिथलं सांगते. प्राथमिकमध्ये अभ्यास विषयांच्या कप्प्यांत बांधलेला नसतो. सहा मोठी सूत्रं असतात. आपण कोण आहोत, आपण कोणत्या स्थळाकाळात आहोत, जग कसं चालतं, अशा स्वरूपाची. 'पाणी' हा विषय घेतला तर त्यातच भूगोल येतो, मोजमाप येतं, विज्ञान येतं, एखादी गोष्टही येते. खेळ, संगीत, भाषा यांना वेगळे शिक्षक असतात. पण दिवसाचा बराचसा वेळ मूल एकाच वर्गशिक्षिकेजवळ असतं. कोणाचा दात पडला, कोणाच्या घरी आजी आजारी आहे, हे सगळं तिला ठाऊक असतं. पाचवीच्या वर्षात 'एक्झिबिशन' नावाचा मोठा उपक्रम होतो. मुलं गटागटाने एखादा प्रश्न निवडतात, काही आठवडे त्याचा शोध घेतात आणि पालकांसमोर मांडतात. ते मूल तेव्हा प्राथमिकमधलं सर्वांत मोठं असतं. पहिली-दुसरीची पोरं त्याच्याकडे तोंड वर करून बघत असतात.

दोन-तीन महिन्यांनी तेच मूल सहावीत येतं आणि एका रात्रीत सर्वांत लहान होतं. आता विषयांचे आठ गट असतात. भाषा आणि साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रं, विज्ञान, गणित, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि डिझाइन. आठ विषय, आठ शिक्षक, आणि आमच्याकडे आठ वेगवेगळ्या खोल्या. घंटा झाली की शिक्षक वर्गात येत नाहीत, मुलं शिक्षकांकडे जातात. पाच मिनिटांत जिना चढायचा, लॉकर उघडायचं, पाणी प्यायचं, स्वच्छतागृहात जाऊन यायचं. आणि तिथे दहावीची, मिसरूड फुटलेली मुलं उभी असतात. सहावीतली कित्येक मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत, ती याच कारणाने. पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत येत असेल, तर एकदा हळूच विचारून बघा.

दुसरा बदल गुणांचा. दरवर्षी सहावीच्या पहिल्या प्रगतिपुस्तकानंतर काही पालक घाईघाईने भेटायला येतात. एकदा एक वडील हिशेब मांडूनच आले होते. "मिस, चार ठिकाणी आठपैकी पाच-पाच. म्हणजे बत्तीसपैकी वीस. साडेबासष्ट टक्के! पाचवीपर्यंत हा हुशार होता हो." हिशेब बरोबर होता, पण तो इथे लागू पडत नव्हता. प्रत्येक विषयात चार निकष असतात. गणिताचेच घ्या : ज्ञान आणि आकलन, आकृतिबंध शोधणं, मांडणी, आणि प्रत्यक्ष जीवनात उपयोग. प्रत्येक निकषाला शून्य ते आठ अशी पातळी दिली जाते आणि प्रत्येक पातळीला काय जमायला हवं, ते शब्दांत लिहिलेलं असतं. चारही पातळ्यांची बेरीज बत्तीसपैकी होते. तिचं रूपांतर एक ते सात अशा श्रेणीत करतात. एकोणीस ते तेवीस बेरीज आली तर श्रेणी पाच, चोवीस ते सत्तावीस आली तर सहा, अठ्ठावीस आणि त्यापुढे सात. म्हणजे त्या मुलाला सातपैकी पाचवी श्रेणी होती. पहिल्या सत्रात ही चांगली गोष्ट आहे. सातवी-आठवी पातळी म्हणजे शिकवलं नाही असं उदाहरणही मुलाने स्वतःच्या डोक्याने सोडवावं, अशी अपेक्षा असते. ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाने ऑक्टोबरमध्ये तिथे पोचावं, असं आम्हालाही वाटत नाही. पण हे समजावून सांगेपर्यंत घरी दोन रात्री बोलणी खाऊन झालेली असतात.

ही घसरण काही आपल्याच मुलांची नाही. इंग्लंडमध्ये मॉरिस गॅल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या १९९९च्या अहवालात असं दिसतं, की प्राथमिकमधून वरच्या शाळेत गेल्यावर पहिल्या वर्षात पाचांतल्या जवळपास दोन मुलांची प्रगती थबकते. अमेरिकेत रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लिथ यांनी मिलवॉकी शहरातल्या मुलांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८७ साली आलं. ज्या मुलींना सातवीत शाळा बदलावी लागली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास, त्याच शाळेत राहिलेल्या मुलींपेक्षा कमी झालेला त्यांना आढळला. वयात येण्याचा काळ आणि शाळा बदलण्याचा काळ एकाच वेळी आला, की मुलांना दोन्हीकडून ओढाताण होते. म्हणून थबकलेलं मूल 'ढ' झालं, असं समजू नये. त्याची बरीचशी शक्ती नुसतं रस्ता शोधण्यातच खर्ची पडत असते.

आता कोणी म्हणेल, आमच्या वेळी काय वेगळं होतं? आम्हीही चौथीनंतर जिल्हा परिषदेची शाळा सोडून पाचवीला हायस्कुलात गेलो. खरं आहे. मीही गेले होते. पण दोन फरक आहेत. आमच्या गावातली सगळी चौथी एकगठ्ठा हायस्कुलात गेली होती. कुलूप माझ्या एकटीचं नव्हतं. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. घरी आई-वडिलांना, थोरल्या भावंडांना हायस्कूल माहीत होतं. हे सर मारतात, त्या बाईंना नीटनेटकी वही लागते, ही माहिती जेवताना मिळायची. आज आंतरराष्ट्रीय शाळेत मूल घालणारे बहुतेक मराठी आई-वडील स्वतः एसएससीचे आहेत. पदरमोड करून, कर्ज काढून फी भरणारेही त्यांत आहेत. आपलं मूल ज्या वाटेने चाललं आहे, त्या वाटेवर ते स्वतः कधी गेलेले नाहीत. म्हणून मुलाला काय विचारावं, हेच त्यांना समजत नाही. मग एकच प्रश्न उरतो, किती मिळाले?

आंतरराष्ट्रीय शाळेतली आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. ती म्हणजे सतत कोणीतरी निघून जात असतं. पुण्यात चाकणच्या बाजूला जर्मन, कोरियन, जपानी कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथल्या अधिकाऱ्यांची मुलं आमच्याकडे येतात आणि वडिलांची मुदत संपली की परत जातात. जूनमध्ये पाचवी संपते, आणि शेजारच्या बाकावरची मैत्रीण सोलला किंवा स्टुटगार्टला गेलेली असते. जाणाऱ्या मुलांना निरोप देतात, भेटकार्डं देतात. मागे राहणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. त्यात नव्या वर्गाच्या तुकड्याही बदलतात. जिच्याबरोबर पाच वर्षं डबा खाल्ला ती एका विमानाने गेली, आणि उरलेली दुसऱ्या तुकडीत. अशा वेळी "होतील नवीन मैत्रिणी" असं म्हणून विषय मिटवू नये. मुलीला तिची आठवण काढू द्यावी. पत्र लिहायला, व्हिडिओवर बोलायला आठवड्यातली एक वेळ ठरवून द्यावी. जुनं दार असं हळूहळू मिटलं, की नव्या दाराकडे पाय वळायला त्रास होत नाही.

या सगळ्यात मराठीचं काय, असा प्रश्न मला हमखास विचारतात. महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून राज्यातल्या सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. त्याची सुरुवात २०२०-२१मध्ये पहिली आणि सहावी या दोन इयत्तांपासून झाली. म्हणजे आपला हा सहावीचा उंबरठा तिथेही आहेच. काही पालक याकडे आणखी एक ओझं म्हणून बघतात. मला मात्र वेगळाच अनुभव आला, आणि तोही त्या दप्तरवाल्या मुलाच्याच बाबतीत.

त्याची आई भेटून गेल्यावर मी त्याच्या बाकीच्या शिक्षकांना विचारलं. सहा जणांनी सांगितलं, शांत आहे, बोलत नाही. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "शांत? अहो, तो तर माझा उजवा हात आहे!" त्यांच्या तासाला एक कोरियन मुलगी होती. तिला 'ळ' म्हणता येईना. 'बाळ'चं 'बाल' व्हायचं, 'काळा'चा 'काला'. हा तिला जीभ कुठे टेकवायची, ते स्वतःचं तोंड उघडून दाखवत होता. दिवसातल्या आठ तासांपैकी तो एकच तास असा होता, की जिथे त्याला सगळं ठाऊक होतं आणि दुसऱ्याला त्याची गरज होती. आठ शिक्षकांपैकी एकीला हे माहीत होतं. पण आम्ही आठ जण कधी एकत्र बसलोच नव्हतो. प्राथमिकच्या वर्गशिक्षिकेजवळ मुलाचं पूर्ण चित्र असतं. वर आलं की त्या चित्राचे आठ तुकडे होतात. ते जोडून बघणारं कोणीतरी शाळेत असायलाच हवं. पालकांनी पहिल्याच आठवड्यात नेमकं हेच विचारावं, की माझ्या मुलाची अडचण सांगायची झाली तर ती कोणाला? एका माणसाचं नाव द्या.

बाकी घरी काय करता येईल, ते थोडक्यात सांगते. लॉकर असेल तर तसलंच आकड्यांचं कुलूप सुट्टीतच आणून द्या. घरात पन्नास वेळा उघडू-मिटू दे. वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा आणि दप्तर रात्री त्याचं त्यालाच भरू दे. चुकलं तर चुकू दे, पण भरताना शेजारी बसा. आठ शिक्षकांना एकमेकांनी दिलेल्या गृहपाठाची कल्पना असतेच असं नाही, त्यामुळे चार कामं एकाच गुरुवारी येऊन पडतात. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं बसून आठवड्याचा तक्ता करा. पुढच्या वर्षी मदत कमी करा, या वर्षी नको. पाचवीपर्यंत सगळं करून दिलं आणि सहावीत 'आता तू मोठा झालास' म्हणून हात काढून घेतला, असं बऱ्याच घरी होतं. पोहायला शिकवताना आपण मधल्या पाण्यात हात सोडत नाही, तसंच हे आहे.

मोबाइलचंही एक सांगते. नवी शाळा म्हणून नवा फोन, अशी पद्धत पडली आहे. वर्गाचा गट तयार होतो, आणि दिवसा न झालेलं भांडण रात्री होतं. फोन द्यायचाच असेल तर दोन-तीन महिने थांबून द्या. आधी मुलाला वर्गातली माणसं समोरासमोर कळू द्या.

आणि लक्ष ठेवा. सोमवारी सकाळीच दुखणारं पोट, परत येणारा डबा, भरलेली बाटली, आणि 'शाळेत काय झालं' याला रोजचं 'काही नाही'. यांतलं एखादं कधीतरी झालं तर सोडून द्या. पण दोन-तीन गोष्टी सलग पंधरा दिवस दिसल्या, तर सत्र संपायची वाट बघू नका. डॉक्टरांनाही दाखवा आणि शाळेतही या. त्या आई ऑक्टोबरमध्ये आल्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, की सप्टेंबरमध्येच यायचं होतं, पण इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून राहिल्या. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आंतरराष्ट्रीय शाळेच्या फाटकातून आत येताना कुठल्याही आईला स्वतःच्या भाषेची लाज वाटत असेल, तर तो दोष आमचा आहे. तुम्ही या आणि मराठीत बोला. समजून घेणारं कोणीतरी आत असतंच.

त्या मुलाचं पुढे काय झालं? शाळा सुटल्यावर, वऱ्हांडा रिकामा झाल्यावर मी त्याला लॉकरपाशी नेलं. म्हटलं, आधी मी उघडते. मला दोनदा जमलं नाही. मी मुद्दाम चुकले नव्हते, खरंच जमलं नाही. तो जरा हसला. तिसऱ्या वेळी त्यानेच उघडलं. आत काहीच नव्हतं. दोन पुस्तकं ठेवली, बंद केलं, पुन्हा उघडलं. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी मी वर्गात जे बोलले, ते चुकलं माझं." तो म्हणाला, "इट्स ओके, मिस." आणि मग मराठीत म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं ना."

तेव्हापासून सहावीचा माझा पहिला तास कुलपाचा असतो. तीन आकड्यांच्या कुलपाला किती जोड्या? एक हजार. एका जोडीला पाच सेकंद धरली तर सगळ्या तपासायला किती वेळ? पाच हजार सेकंद, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी मिनिटं. मग प्रत्येकाच्या हातात एक कुलूप. बहुतेकांना पहिल्यांदा जमत नाही, आणि सगळा वर्ग एकदमच चुकत असल्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. त्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडायचं राहून जातं. राहू दे.

तुमच्या घरात या वर्षी सहावीत गेलेलं मूल असेल, तर आज रात्री त्याला गुण विचारू नका. डबा कोणाबरोबर खाल्लास, एवढंच विचारा. आणि ते काय सांगतं, ते मध्ये न बोलता ऐका.